जादूटोण्याचं पुरातत्त्व शिकायचंय? आधी खापरं धुवा

"मला जुने धर्म, तंत्र-मंत्र, जारणमारण यावरच काम करायचंय, प्रवेश कुठे घेऊ?" असं हल्ली बरीच मुलं विचारतात. त्या नावाची पाटी असलेला विभाग शोधत बसू नका. सरळ पुरातत्त्वात एम.ए. करा. पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यासाठी आहेच, आणि तिथे इतर शाखांचे पदवीधरही येतात. नोकरी सांभाळून चाचपणी करायची असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात पुरातत्त्वाचे छोटे अभ्यासक्रम होत आले आहेत. विषय तोच राहू द्या, पण तो सुरुवातीला बाजूला ठेवा. कारण पहिल्या उत्खननात तुमच्या हाती मंत्रतंत्र नाही, बादलीभर खापरं आणि दात घासायचा जुना ब्रश येतो.

मला या विषयाची खरी गोडी लागली ती इनामगावमुळे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्यांचं गाव होतं, साधारण इ.स.पू. 1600 ते 700 या काळातलं. 1968 पासून पुढची दीड दशकं डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लंबगोल पेटी निघाली. तिच्याशी निगडित अशा स्त्रीमूर्ती होत्या, त्यांतली एक बिनडोक्याची, आणि जोडीला मातीचा एक बैल. बिनडोक्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घातली की बाई बैलावर उभी! आता ही मूर्ती कुणी सुटी आणून टेबलावर ठेवली असती, तर मुलांचं खेळणं म्हणून कपाटात गेली असती. ती घरातल्या जमिनीखाली, पेटीसह, जपून पुरलेली होती म्हणून आपण तिला देवी म्हणायचं धाडस करतो. आमच्या शास्त्रात वस्तूपेक्षा तिची जागा बोलते. म्हणून कुठलीही गोष्ट उचलण्याआधी फोटो, मोजमाप, रेखाटन आणि थराची नोंद. उचललीत की पुरावा गेला.

तिथली दफनं तर या विषयाची शाळाच आहेत. लहान मुलं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून, घरातच पुरलेली. मोठ्या माणसांना उताणं झोपवलेलं, आणि पावलं घोट्याखाली तोडलेली. का? "मेलेल्याने भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून," हे स्पष्टीकरण अनेक वर्षं दिलं जातं, आणि ऐकायला झकासही वाटतं. पण त्याच गावात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष सापडला, आणि त्याची पावलं शाबूत आहेत. तो गावाचा प्रमुख असावा असं मानतात. मग प्रमुखाच्या भुताची कुणाला भीती नव्हती का? रांजणात कोंडल्यावर पाय तोडायची गरज उरत नव्हती का? मला विचाराल तर भुताची गोष्ट ही शक्यता म्हणून ठेवावी, निष्कर्ष म्हणून नाही. सापडलेलं काय आणि त्यावर आपण रचलेलं काय, हे नोंदवहीत दोन वेगळ्या पानांवर लिहायची सवय लावून घ्या. न समजलेल्या प्रत्येक वस्तूवर 'धार्मिक उपयोग' असा शिक्का मारणारे या क्षेत्रात कमी नाहीत.

उत्खननाची संधी लगेच मिळेलच असं नाही. तोवर गधेगळ बघत फिरा. शिलाहार-यादव काळातल्या दानाच्या या शिळा कोकणात बऱ्याच भेटतात. वर सूर्य-चंद्र, असलाच तर मध्ये लेख, आणि खाली गाढव व स्त्री. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती उघड शिवी आहे. शापाचं राजकारण शिकायला याहून रोखठोक साधन नाही. गंमत अशी, की कित्येक ठिकाणी आज याच दगडाला शेंदूर फासून लोक नारळ फोडतात, तर कुठे तो अशुभ म्हणून आडवा पाडलेला असतो. दोन्हीही नोंदवा. मात्र शेंदूर खरवडायला जाऊ नका. आधी गुरव किंवा पोलीस पाटील गाठा, चहा घ्या, देवाचं नाव काय, जत्रा कधी, नवस कसला बोलतात ते विचारा. अक्षरं झिजलेली असतील तर तिरप्या उन्हात फोटो काढा, भर दुपारी काही दिसत नाही.

गावात पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, चार खुंट्या ठोकल्या की "सोनं निघालं का, साहेब?" हे ठरलेलं. हसण्यावारी नेऊ नका. गुप्तधनासाठी मांत्रिक आणून रात्री खड्डे घेणारे लोक जुन्या वसाहतींची वाट लावतात. जमिनीत पुरलेल्या धनाबद्दलचा 1878 चा निखात निधी कायदा आहे, 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांना लागू होतो. ताजा खड्डा, हळदकुंकू, लिंबं दिसली, तर फोटो काढून तहसील कार्यालयाला कळवा. एकट्याने जाऊन वाद घालू नका. आणि दुपारच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांना उत्खननाचा खड्डा दाखवा, खापर हातात द्या. संध्याकाळपर्यंत सोन्याची अफवा निम्मी होते.

पैशाचं सांगायचं तर सुरुवातीची वर्षं कंत्राटी प्रकल्पांची. केंद्राच्या आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यांत जागा निघतात, पण रांग मोठी. संग्रहालयं, हेरिटेज वॉक, नेट-सेट देऊन अध्यापन हे बाकीचे रस्ते. ब्राह्मी आणि मोडी वाचता येत असेल, खापराचं रेखाटन स्वच्छ येत असेल, तर उत्खननाचा मोसम सुरू होताना तुम्हाला फोन येतो.