बुग्यालातला बचनाग: ओळखायचा कसा आणि जपायचं कसं

ऑगस्टमध्ये मी गढवालच्या बुग्यालांत, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांत, ट्रेकला गट घेऊन जाते. बूट, रेनकोट, औषधं हे सगळं बोलून झालं की निघायच्या आधी बचनागावर वेगळं बोलते. हे फूल दिसतं अतिशय देखणं, उगवतं अगदी वाटेला लागून, आणि त्याच्या मुळापासून बीपर्यंत सगळं विषारी. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणाऱ्या प्रत्येकाला ते ओळखता यायलाच हवं.

आधी फूल बघा, आणि बाजूने बघा. निळ्या-जांभळ्या पाच पाकळ्यांसारखं जे दिसतं, ती खरं तर निदलं, म्हणजे फुलाची बाहेरची दलं, असतात. त्यातलं वरचं निदल फुगून पुढे वाकलेलं असतं, तान्ह्या बाळाच्या कुंचीसारखं. ही कुंची दिसली की बचनाग समजायचा. खऱ्या पाकळ्या आत दडलेल्या असतात. त्यातल्या दोन लांब देठांच्या, वर टोकाशी मध साठवणाऱ्या. तिथपर्यंत पोचायला अंगाने दणकट आणि लांब जिभेचा भुंगा लागतो. केसाळ, गुबगुबीत भुंगा फुलात शिरताना दिसला तर पाच मिनिटं तिथेच थांबा. बुग्यालात बघण्यासारख्या गोष्टींत मी हे फार वर ठेवते.

डेल्फिनियम नावाचं फूल शेजारीच असतं आणि त्याचा रंगही असाच. त्याला कुंची नसते, मागे शेपटासारखी नळी असते. दोन्ही एकाच कुळातली आणि दोन्ही विषारी, त्यामुळे गोंधळ झाला तरी हात लांब ठेवण्यात चूक होणार नाही.

खरा घोळ होतो तो फुलं नसताना. जुलैच्या सुरुवातीला नुसती पानं असतात, हाताच्या पंजासारखी खोल कातरलेली, आणि तिथल्या रानटी जिरेनियमची पानंही बरीचशी तशीच. अशा वेळी खोड बघा. जिरेनियमची पानं समोरासमोर जोडीने येतात, बचनागाची एकाआड एक. सप्टेंबरमध्ये फुलं गळाल्यावर देठांवर उभ्या शेंगांचे तीन ते पाचचे झुबके राहतात, तेही लक्षात ठेवा.

फोटो काढायचा तर तीन काढा: फूल बाजूने, एक पान, आणि पूर्ण झाड. ओळख पटवायला एवढं पुरतं. तोडायची गरज नाही, आणि राष्ट्रीय उद्यानात तोडणं हा गुन्हाही आहे. पँटला पान घासलं म्हणून घाबरू नका, तेवढ्याने काही होत नाही. पण पानं चुरगळू नका. बोटाला चीर किंवा फोड असेल तर अजिबात हात लावू नका, कारण विष जखमेतून आत जातं. चुकून हात लागलाच तर डबा उघडायच्या आधी साबणाने धुवा. लहान मुलं सोबत असतील तर गवताची काडी चघळायची सवय पायथ्यालाच बंद करा.

सगळ्यात जास्त धोका कंदात. आणि इथे मला काळजी वाटते ती जाणकारांची, नवख्यांची नाही. आपल्या बाळगुटीत उगाळतात ते अतिविष बचनागाचंच जवळचं भावंड, याच उंचीवर वाढणारं. त्याचा कंद कडू, पण बचनागासारखा जीवघेणा नाही. मग कोणीतरी सांगतं की चाखून बघा, नुसतं कडू लागलं तर अतिविष, जीभ बधिर झाली तर बचनाग. ही परीक्षा कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. बचनागातलं अकोनिटिन हे विष दोन मिलिग्रॅमच्या आसपासही मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतं, आणि कोणत्या कंदात ते किती आहे हे जिभेला कळत नाही. आयुर्वेदात बचनाग वापरतात तो शोधन करून. गोमूत्रात किंवा दुधात उकळताना त्यातलं विष मोडून सौम्य होतं. ते काम वैद्याचं, कॅम्पच्या स्टोव्हवरचं नाही. शिवाय अतिविषही उपटू नका. कंदासाठी खणून खणून ते धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत जाऊन बसलंय.

आता कोणी खाल्लंच तर. लक्षणं काही मिनिटांत ते दोनेक तासांत सुरू होतात: ओठ-जिभेला मुंग्या, चेहरा बधिर, मग हातपाय, उलट्या, अशक्तपणा, छातीत धडधड. उंचीवर इथे फसगत होते. उलटी आणि अशक्तपणा विरळ हवेनेही येतो, आणि उंचीच्या त्रासासाठी डायामॉक्सची गोळी घेणाऱ्यांच्या बोटांना, ओठांना मुंग्या येतातच. म्हणून ‘डोकं दुखतंय का?’ याच्या जोडीला ‘काही चावलंस का? काही उपटलंस का?’ हेही विचारा, आणि ओरडून नाही, नीट शेजारी बसून विचारा. भेदरलेला माणूस लपवतो.

तोंडातलं थुंकायला लावा, चूळ भरायला द्या. उलटी मुद्दाम काढू नका. लक्षणांची वाट बघत बसू नका, लगेच खाली निघा, आणि त्याला चालवू नका. व्हॅलीच्या पायथ्याच्या घांघरिया गावाच्या बाजूला कंडी (माणसाला पाठीवर वाहून नेण्याची टोपली), घोडे मिळतात. घोड्यावर तोल जाईल इतका अशक्त असेल तर कंडीच. या विषाला उतारा नाही. हृदयाच्या स्नायूंतले सोडियमचे दरवाजे ते उघडेच ठेवतं आणि ठोके बिघडतात, त्यामुळे ईसीजी आणि मॉनिटर असलेलं हॉस्पिटल गाठायचं. सिग्नल मिळताच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं. त्यांचा नंबर घरूनच फोनमध्ये साठवून न्या.

वाटेत नाडी थांबली तर सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) सुरू करा आणि लवकर सोडू नका. हे विष शरीरातून ओसरतं. ते ओसरेपर्यंत रक्ताभिसरण चालू ठेवता आलं तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. डॉक्टरांना झाडाचे ते तीन फोटो दाखवा, आणि किती वाजता, कुठला भाग, साधारण किती खाल्ला हे कागदावर लिहून सोबत द्या.