दृष्टिकेंद्रातील इलेक्ट्रोड रोपणाचे संगणकीय प्रतिरूप कसे तयार करावे

मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्राला अत्यल्प विद्युतप्रवाह दिला, तर डोळ्यांवाटे काहीही आत न येता माणसाला प्रकाशाचा ठिपका दिसतो. या ठिपक्याला फॉस्फीन म्हणतात. ब्रिंडली आणि लेविन यांनी १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये एका अंध महिलेच्या मेंदूवर ८० इलेक्ट्रोडांचा (विद्युतप्रवाह देणाऱ्या टोकांचा) संच बसवून हे ठिपके पद्धतशीर नोंदवले आणि तेव्हापासून अशा रोपणातून अंधांना उपयोगी पडेल इतकी दृष्टी देता येईल का, याचा शोध चालू आहे. या शोधाचा एक भाग शस्त्रक्रियेशिवाय करता येतो. गोव्यातील फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याकडे असतो तसा साधा लॅपटॉप, पायथन ही संगणकभाषा आणि मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण एवढ्यावर रोपणाचे प्रतिरूप उभे राहते.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण छायाचित्र दहा बाय दहा चौकटींत लहान करतात आणि प्रत्येक चौकटीच्या जागी एक गोल ठिपका काढतात. हे करू नये. असे चित्र पाहणाऱ्याला रोपणातून प्रत्यक्षात मिळेल त्याहून कितीतरी चांगले दिसते, आणि अंध माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दृष्टीबद्दल असा खोटा भरवसा निर्माण करणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून काम छायाचित्रापासून सुरू न करता मेंदूच्या नकाशापासून सुरू करावे.

दृष्टिक्षेत्राचा कोणता भाग दृष्टिकेंद्रात कोठे उमटतो हे दाखवणारा हा नकाशा विषम असतो. दृष्टिक्षेत्र डोळ्याशी होणाऱ्या कोनाच्या अंशांत मोजतात; नजरेच्या मध्यबिंदूजवळच्या एका अंशाला दृष्टिकेंद्रात पुष्कळ जागा मिळते आणि कडेच्या एका अंशाला फार थोडी. हॉर्टन आणि हॉइट यांनी १९९१ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, एखादा बिंदू नजरेच्या मध्यापासून जितक्या अंशांवर आहे त्यात ०.७५ मिळवून त्या बेरजेने १७.३ ला भागले, की तेथील प्रत्येक अंशाला मेंदूवर किती मिलिमीटर जागा आहे ते कळते. १ अंशावर हे उत्तर सुमारे ९.९ मिलिमीटर येते, ५ अंशांवर ३ आणि २० अंशांवर ०.८३. प्रतिरूपासाठी हे सूत्र उलटे वापरावे लागते. नजरेच्या मध्यबिंदूच्या जागेपासून मेंदूवर मोजलेल्या अंतराला १७.३ ने भागून त्याचे नैसर्गिक घातांकी मूल्य काढावे, त्यातून १ वजा करावा आणि ०.७५ ने गुणावे. अंतर संमिश्र संख्येच्या रूपात दिले, तर न्यूमपाय हे पायथनमधील गणिताचे साधन एकाच ओळीत मध्यापासूनचे अंतर आणि दिशा दोन्ही देते. दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे: डाव्या गोलार्धातील इलेक्ट्रोड दृष्टिक्षेत्राच्या उजव्या अर्ध्यात ठिपका दाखवतो, आणि नकाशा उलटा असल्यामुळे कॅल्केराइन खाचेच्या (दृष्टिकेंद्र जिच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असते त्या घडीच्या) वरच्या बाजूचा इलेक्ट्रोड खालच्या अर्ध्यात. ही चिन्हे चुकली, तर पुढचे सगळे आकडे बरोबर असूनही चित्र उलटे येते.

आता त्यावर इलेक्ट्रोड ठेवावेत. सुरुवातीला यूटा संच या सुयांसारख्या सूक्ष्म इलेक्ट्रोडांच्या संचाची रचना घ्यावी, कारण ती सोपी आहे: दहा बाय दहाच्या जाळीतील चार कोपरे वगळून ९६ इलेक्ट्रोड, शेजाऱ्यांमधील अंतर ०.४ मिलिमीटर. स्पेनमध्ये एका अंध महिलेत असाच संच बसवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. या संचाचा मध्य ५ अंशांच्या जागी, म्हणजे नकाशावर सुमारे ३५ मिलिमीटरवर ठेवून गणित केले, तर ९६ इलेक्ट्रोड मिळून दृष्टिक्षेत्राची जेमतेम सव्वा अंश रुंदी व्यापतात. पणजीच्या कदंब बसस्थानकावर १० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या बसची पाटी १ मीटर रुंद धरली, तर ती ५.७ अंशांची होते; म्हणजे संपूर्ण संच त्या पाटीच्या रुंदीचा पाव हिस्सासुद्धा एका वेळी झाकत नाही. हा आकडा स्वतः काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ठिपक्याचा आकार प्रवाहावर अवलंबून असतो. प्रवाहाच्या मायक्रोअँपिअरमधील आकड्याला ६७५ ने भागून वर्गमूळ काढले, की उत्तेजित होणाऱ्या भागाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये मिळते. तिची दुप्पट करून त्या जागेच्या मिलिमीटर-प्रति-अंश आकड्याने भागावी. ५० मायक्रोअँपिअरला ५ अंशांवर ठिपका ०.१८ अंशांचा येतो, पण शेजारचे दोन ठिपके तेथे ०.१३ अंशांवरच असतात, म्हणजे ते एकमेकांवर चढतात. २० मायक्रोअँपिअरला ठिपका ०.११ अंशांचा होऊन सुटा दिसतो. फाइन आणि बॉइंटन यांनी २०२४ मध्ये मांडलेले प्रतिरूप याच्याही पुढे जाते: दृष्टिकेंद्रातील प्रत्येक पेशी दृष्टिक्षेत्राच्या एका पसरट भागाला प्रतिसाद देत असल्यामुळे केवळ इलेक्ट्रोड वाढवून चित्र तेवढ्या प्रमाणात स्पष्ट होत नाही. म्हणून ठिपका काढताना धारदार कडेचे वर्तुळ न काढता कडेकडे विरत जाणारा गाउसियन डाग काढावा.

सगळे इलेक्ट्रोड चालू आहेत असेही धरू नये. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात ३८ पैकी ३४ सूक्ष्म इलेक्ट्रोडांनी सुरुवातीला ठिपके दाखवले होते. प्रतिरूपात काही इलेक्ट्रोड यादृच्छिकपणे बंद करावेत, उरलेल्यांच्या जागा किंचित हलवाव्यात आणि प्रत्येकाला वेगळा किमान प्रवाह द्यावा. यादृच्छिक संख्यांचे बीज, म्हणजे त्या संख्या ज्या आकड्यापासून तयार होतात तो आकडा, नोंदवून ठेवावे, म्हणजे तोच काल्पनिक रुग्ण पुन्हा उभा करता येतो.

छायाचित्राचे काम त्यानंतरचे आणि तुलनेने सोपे आहे. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या साधनाने चित्र करड्या छटांत आणून कडा शोधाव्यात आणि प्रत्येक फॉस्फीनच्या जागेभोवतीची सरासरी तीव्रता त्या इलेक्ट्रोडला द्यावी. चाचणीची दृश्ये खऱ्या गरजेची निवडावीत. पणजीजवळच्या बेतीच्या फेरीबोटीचा धक्क्यावर टेकणारा लोखंडी उतार कोठे संपतो आणि पाणी कोठे सुरू होते, हा प्रश्न अंध प्रवाशासाठी सुंदर निसर्गचित्रापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

सर्वांत जास्त काळजी नजरेबाबत घ्यावी. फॉस्फीन मेंदूच्या नकाशाला बांधलेले असल्यामुळे डोळा वळला की ठिपकेही त्याच्याबरोबर सरकतात, तर चष्म्यावरचा कॅमेरा मात्र डोक्याबरोबर फिरतो. पडद्यावर स्थिर ठिपके दाखवले, तर चाचणी देणारा डोळस माणूस त्यांच्यावरून नजर फिरवून ते चित्रासारखे वाचतो; रोपण असलेल्या माणसाला हे शक्यच नसते. नजर टिपणारे उपकरण असेल, तर चित्रीकरणाच्या प्रत्येक फ्रेममध्ये ठिपक्यांचे स्थान नजरेनुसार बदलावे आणि चित्राचा नमुनाही त्याच सरकलेल्या जागेवरून घ्यावा. ते नसेल, तर मध्यभागी फुली दाखवून नजर तिच्यावरच ठेवायला सांगावे, दृश्य प्रत्येक वेळी क्षणभरच दाखवावे आणि ही मर्यादा निष्कर्षासोबत स्पष्ट लिहावी. पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर बसल्यास पडद्यावरचा १ सेंटिमीटर सुमारे १ अंशाचा होतो, त्यामुळे मोजमाप सोपे जाते.

काळाचा परिणामही धरावा, कारण सलग उत्तेजनाने फॉस्फीन फिके पडत जातात. हा भाग स्वतः लिहिण्याऐवजी तयार साधने वापरणे बरे. डायनाफॉस हे फॉस्फीनचे प्रतिरूप करणारे साधन पायटॉर्च या पायथनमधील संचावर चालते आणि त्यात हे फिके पडणे समाविष्ट आहे. पल्सटूपर्सेप्ट या दुसऱ्या साधनाचा आरंभ दृष्टिपटलावरील रोपणांपासून झाला आणि आता त्यात दृष्टिकेंद्राची प्रतिरूपेही आहेत. तरीही वर सांगितलेले गणित एकदा हाताने केलेले असावे, नाहीतर साधनाने दिलेला आकडा चुकीचा आहे हे लक्षात येत नाही.

शेवटी परीक्षा घ्यावी. परीक्षा देणाऱ्याला दोनच पर्याय द्यावेत, उदाहरणार्थ समोर पायरी आहे किंवा नाही, आणि निव्वळ अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतात हे धरूनच गुण मोजावेत. त्यानंतर तीच परीक्षा ठिपक्यांच्या जागा आपसांत बदलून पुन्हा घ्यावी. गुण तेवढेच राहिले, तर परीक्षा देणारा आकार न ओळखता केवळ एकूण उजेडावरून उत्तर देत आहे असे समजावे आणि दोन्ही पर्यायांतील दृश्यांचा एकूण उजेड सारखा करून परीक्षा नव्याने घ्यावी.