पुस्तक हाती घेऊन रानातली अळंबी कशी ओळखावी

मृग कोरडा गेला तरी सोलापूरकराची मदार उत्तरा-हस्तावर असते. सप्टेंबरात दोन-चार दिवस नीट पाऊस झाला, की उकिरड्यावर, वारुळापाशी, सोसायटीच्या लॉनवर छत्र्या डोके वर काढतात. त्या ओळखायला फील्ड गाइड घेतले की बहुतेक जण पाने उलटत सुटतात आणि चित्र जुळले की थांबतात. अळंबीच्या बाबतीत चित्र सगळ्यात शेवटी बघायचे.

आधी प्रस्तावना वाचा. पुस्तक कोणत्या मुलखाचे आहे? सहज मिळणारी बरीचशी पुस्तके युरोप-अमेरिकेची असतात. त्यांत ओक आणि पाइनखालच्या जाती भरपूर. आपल्या बाभळी-चिंचेखालचे, काळ्या रानातले कमी. तुमच्यासमोरची जात पुस्तकात नसेलच, तर तिच्यासारखी दिसणारी भलतीच तिच्या नावावर खपून जाते. पानावर ‘खाण्याजोगी’ची खूण असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

मग जागेवरच नोंद करा. कशावर उगवली आहे: मातीत, शेणात, वाळक्या लाकडावर की वारुळावर? एकटी की झुबक्याने? वरून, बाजूने आणि टोपीखालून असे तीन फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून, कारण पुस्तकातली सगळी चित्रे एका मापाची नसतात. नंतर खुरप्याने बुडासकट उकरा. वरच्यावर खुडली तर देठाच्या बुडाशी पिशवी होती का, हे कळायचे राहते आणि अमानिटासारखे विषारी कूळ ओळखायची मोठी खूण मातीतच राहते. घरी न्यायची तर कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामाघूम होऊन सडते. हाताळल्याने विष चढत नाही, तरी हात धुवा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र फक्त फोटो. तिथून काही उचलायचे नाही.

आता पुस्तकातली ‘की’ उघडा. तिच्यात दोन-दोन पर्याय देत प्रश्न पुढे सरकतात. पहिला प्रश्न बहुधा टोपीच्या खालच्या बाजूचा असतो: पातळ पट्ट्या, म्हणजे गिल्स, आहेत की बारीक छिद्रे? कोरड्या मुलखात वारुळांवर पोडॅक्सिस नावाची लांबट बुरशी उभी असते. तिची टोपी छत्रीसारखी उघडत नाही, खाली गिल्स नसतात आणि आत काळपट भुकटी भरलेली असते. नुसता आकार बघणारा तिला अळंबीची बंद कळी समजतो. ‘की’ तिला पहिल्याच वळणावर वेगळी काढते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो बीजाणूंच्या, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक भुकटीच्या, ठशाला. देठ कापून टाका, टोपी गिल्स खाली करून कागदावर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, कारण पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही. रात्रभरात भुकटी पडते, तिचा रंग बघायचा.

लॉनवरची मोठी पांढरी छत्री घ्या. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारे कडे. युरोपच्या पुस्तकात हे वर्णन तिथल्या नावाजलेल्या, आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या पॅरासोल मशरूमशी झकास जुळते. पण पॅरासोलचा ठसा पांढरा पडतो. तुमच्या कागदावर मळकट हिरवा उमटला, तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस: उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवे पाडणारी. कोवळेपणी तिच्याही गिल्स पांढऱ्या असतात, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही, ठशालाच कळतो.

ठसा मिळाल्यावर चित्राकडे वळा आणि वर्णनातला एकेक शब्द ताडून पाहा. दहांतल्या नऊ खुणा जुळल्या आणि एक नाही, तर त्या एकीचे ऐका. ‘लेपिओटासारख्या (पॅरासोलच्या जवळच्या) छत्र्यांतली’ इथवर पोचलात तरी पुष्कळ झाले. पुढचे नाव महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या जाणकार प्राध्यापकांना विचारा, नमुना, फोटो आणि ठसा घेऊन.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्ली तर चांगली, शिजवले की विष उतरते: या तिन्ही समजुतींना आधार नाही. अमाटॉक्सिन हे काही अमानिटांतले घातक विष शिजवूनही टिकते. आणि पुस्तकाच्या भरवशावर कोणी खाल्लीच, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. अमाटॉक्सिनचा त्रास सहसा सहा तासांनंतर सुरू होतो, मध्ये बरे वाटून जाते आणि यकृताचे नुकसान आत चालूच असते. लगेच सिव्हिल गाठा. उरलेली अळंबी, शिजवलेली का असेना, बरोबर न्या.