ए-फिबचे एपिसोड वारंवार येत असतील तर: नाडी, वही आणि गोळ्या कशा सांभाळाव्यात

एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातले 'ए-फिब', असे निदान झाले की रुग्णाला दोन वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक छातीतली धडधड आणि दुसरी रक्ताची गुठळी. धडधड जाणवते, गुठळी जाणवत नाही. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे लक्ष धडधडीकडे लागते आणि ती थांबली की आजारही थांबला असे वाटू लागते. माझ्या आईला हा आजार गेली काही वर्षे आहे आणि तिची औषधे सांभाळताना मला सर्वांत उशिरा उमगलेली गोष्ट हीच होती. म्हणून या लेखात जे सांगायचे आहे ते या भेदाला धरूनच सांगतो.

निरोगी हृदयात ठोक्याचा संदेश उजव्या वरच्या कप्प्यातून, विश्रांतीच्या वेळी मिनिटाला 60 ते 100 वेळा निघतो. ए-फिबमध्ये वरच्या दोन्ही कप्प्यांत मिनिटाला 300 हून अधिक विस्कळीत विद्युत-लहरी उठतात. त्यांतल्या बऱ्याच लहरी वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड या विद्युत-चौकीत अडतात आणि उरलेल्या वाटेल तशा खाली पोहोचतात, म्हणून नाडी जलद तर होतेच, पण तिला कसलाही ताल राहत नाही. वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. मग रक्त रेंगाळते, विशेषतः डाव्या कप्प्याला लागून असलेल्या लहानशा पिशवीत, आणि तिथे गुठळी धरू शकते. ती मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. ए-फिब असलेल्यांना पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो, तो यामुळे. (धडधडीच्या या प्रसंगाला घरात 'झटका' म्हणू नये. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ हार्ट अटॅक असा घेतला जातो आणि फोनवर ऐकणारा विनाकारण हादरतो. 'एपिसोड' हा शब्द बरा.)

एपिसोड आला की

प्रथम हातातले काम थांबवून बसावे किंवा आडवे व्हावे आणि घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. ही वेळ अत्यंत महत्त्वाची आहे. पुढे शॉक देऊन लय पूर्ववत करण्याचा विचार झाला, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'कधीपासून?' हाच असतो. अनेक वर्षे यासाठी 48 तासांची मर्यादा धरली जात असे, 2024 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती 24 तासांवर आणली. त्याहून जास्त वेळ गेला असेल किंवा सुरुवातीची वेळच ठाऊक नसेल, तर आधी किमान तीन आठवडे गुठळीरोधक औषध घ्यावे लागते, किंवा अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून गुठळी नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. लय जाग्यावर आल्यानंतरही निदान चार आठवडे ते औषध चालू राहते.

त्यानंतर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण ठोके समान अंतराने पडतच नसतात. काही ठोके इतके क्षीण असतात की ते मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे हृदयाचा खरा वेग मोजलेल्या आकड्यापेक्षा जास्त असू शकतो. कोविडनंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आले. त्यावरचा नाडीचा आकडा एपिसोडमध्ये सतत उड्या मारतो, त्याला घाबरू नये आणि त्यावर फार विसंबूही नये. रक्तदाबाचे यंत्रही अशा वेळी प्रत्येक खेपेला वेगळा आकडा दाखवते, म्हणून मिनिटभराच्या अंतराने तीन वेळा मोजून सरासरी लिहावी. या काळात काहींना वारंवार आणि भरपूर लघवी होते. ताणलेल्या वरच्या कप्प्यांतून सुटणाऱ्या एका संप्रेरकाचा तो परिणाम असतो.

छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, किंवा डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेपेक्षा नाडी जास्त वेगाने चालत राहणे, यांपैकी काहीही घडले तर घरी वाट पाहू नये. चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळले, तर नाडी मोजत बसण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात 108 ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचावे आणि रुग्ण कोणते गुठळीरोधक औषध घेतो व शेवटची गोळी किती वाजता घेतली हे आधी सांगावे. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची असते आणि ते द्यावे की नाही हे या माहितीवरही अवलंबून असते.

वही

एपिसोड सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, नाडी, रक्तदाब, आदल्या दिवशीची झोप, जेवण, दारू, ताप, जुलाब, चुकलेली गोळी, एवढे एका ओळीत लिहिले तरी पुरते. तपासणीच्या दिवशी ईसीजी नॉर्मल निघतो आणि 'आता तर सगळे ठीक आहे' असे वाटते, तेव्हा ही वहीच रुग्णाची बाजू मांडते. औषधाची मात्रा वाढवावी की औषधच बदलावे, होल्टर (दिवसभर अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र) लावावा की अॅब्लेशनचा (हृदयात बारीक नळी नेऊन बिघाडाची जागा निकामी करण्याच्या उपचाराचा) विचार करावा, हे निर्णय दोन भेटींच्या मधल्या काळात काय घडले यावर ठरतात.

गुठळीरोधक औषध

लोक यांना 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या' म्हणतात. रक्त पातळ होत नाही, ते गोठायला उशीर लागतो. ही गोळी कोणाला द्यायची हे एपिसोड किती वेळा येतात यावर ठरत नाही, ते गुणांकनावर ठरते. हृदयाची कमजोरी, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार आणि 65 ते 74 हे वय यांना प्रत्येकी एक गुण, तर 75 किंवा त्यापुढचे वय आणि पूर्वी होऊन गेलेला पक्षाघात यांना प्रत्येकी दोन. आपले गुण किती, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. महिनाभर एपिसोड आला नाही म्हणून हे गुण कमी होत नाहीत. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 'अफर्म' या मोठ्या चाचणीत ज्यांना पक्षाघात झाला, त्यांतल्या बहुतेकांनी वॉरफरिन हे जुने गुठळीरोधक औषध बंद केले होते किंवा त्यांचे आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) पुरेसे नव्हते. एपिसोड थांबले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये असे जीव तोडून सांगावेसे वाटते ते यामुळेच. तिच्या जागी अॅस्पिरिन घेणे हाही पर्याय नव्हे.

अॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर तपासावे लागत नाही, मात्र त्यांचा अंमल लवकर ओसरतो आणि गोळी चुकल्यावर दिवसभरातच संरक्षण कमी होते. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी राहिली आणि ठरल्या वेळेपासून सहा तास उलटले नसतील, तर ती घ्यावी. दिवसातून एकदाच्या गोळीसाठी ही मुदत साधारण बारा तासांची असते. एका वेळी दोन गोळ्या मात्र कधीही घेऊ नयेत. रिव्हरॉक्साबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, कारण रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. त्यामुळे एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी उपास असला, तर गोळी साबुदाण्याच्या खिचडीसोबत किंवा वरीच्या तांदळासोबत पोटभर खाऊन घ्यावी. निर्जळी उपास या आजारात करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शरीरातले पाणी कमी होणे हेही एपिसोडला निमित्त ठरू शकते. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून घेऊ नये आणि मूळ पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरूनही ठेवू नये, तिला ओलावा सोसत नाही. या सर्व गोळ्या घेणाऱ्यांनी मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी वर्षातून किमान एकदा करावी. वय जास्त असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर ती याहून वारंवार करावी लागते.

आईला या नव्या गोळ्या देता आल्या नाहीत. लहानपणीच्या संधिवाती तापाने तिची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झाली आहे. अशा रुग्णांसाठी, तसेच धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांसाठी, अजूनही वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमारॉल हीच औषधे योग्य ठरतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत संधिवाती झडपेच्या रुग्णांना रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्या औषधांचाच अधिक फायदा झाला. या औषधांवर आयएनआर बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. त्यासाठी पालक, मेथी, माठ सोडून देण्याची गरज नसते, आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे असले की झाले.

खरा धोका दुसऱ्या औषधांचा असतो. एकदा आईला जुलाब झाले, जवळच्या दवाखान्यात तिला मेट्रोनिडाझोल दिले गेले, आणि ती वॉरफरिन घेते हे सांगायचे आमच्याकडूनही राहून गेले. पाचव्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. आयएनआर मर्यादेच्या बराच वर गेला होता. मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवतात. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन याच्या उलट वागते, ते जुन्या आणि नव्या दोन्ही गोळ्यांचा परिणाम घटवते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी आणू नये. काढे आणि आयुर्वेदिक चूर्णे यांचाही उल्लेख डॉक्टरांपाशी करावा. ताप आला की कमरेत इंजेक्शन घेण्याची आपल्याकडे सवय आहे. या रुग्णांना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळू शकते, त्यामुळे सुई टोचण्याआधीच आपण काय घेतो ते सांगावे. दात काढायचा असला तरी गोळी स्वतःहून बंद न करता दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचे एकमेकांशी बोलणे घडवून आणावे. काळी शौच, लाल लघवी किंवा डोक्याला मार लागणे ही त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची कारणे आहेत, मग मार किरकोळ वाटला तरीही.

वेग आणि लय

धडधडीवरच्या औषधांचे दोन गट आहेत. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही वेग आटोक्यात ठेवतात, तर फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन, अॅमिओडॅरोन ही लय टिकवण्यासाठी असतात. अॅमिओडॅरोन गुणकारी आहे, परंतु थायरॉइड, यकृत, फुप्फुसे आणि डोळे यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. ते चालू असताना थायरॉइड व यकृताच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी व्हाव्यात आणि उन्हात त्वचा झाकावी. कधीतरीच एपिसोड येणाऱ्या आणि हृदयाची रचना चांगली असलेल्या काहींना एपिसोड आल्यावरच घ्यायची गोळी सोबत ठेवायला देतात, मात्र तिचा पहिला डोस देखरेखीखाली घ्यावा लागतो.

औषधे घेऊनही वही भरतच असेल, तर अॅब्लेशनबद्दल विचारावे. अशा एपिसोडची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी 1998 साली दाखवून दिले आणि तोच भाग विद्युतदृष्ट्या वेगळा करणे हे या उपचाराचे सूत्र आहे. नंतरच्या दोन-तीन महिन्यांत एपिसोड आले म्हणजे उपचार फसला असे नव्हे. या आठवड्यांत ताप आला, गिळताना दुखू लागले किंवा पक्षाघातासारखी लक्षणे दिसली, तर लगेच त्याच रुग्णालयाशी संपर्क साधावा. अन्ननलिकेला इजा होणे ही दुर्मीळ पण जीवघेणी गुंतागुंत आहे.

रुग्णाच्या हातात असलेल्या गोष्टींत वजन सर्वांत वर येते. ऑस्ट्रेलियातील अॅडलेडच्या 2015 मधील अभ्यासात ज्यांनी वजन दहा टक्के किंवा अधिक घटवून टिकवले, त्यांचे एपिसोड लक्षणीयरीत्या कमी झाले. त्याच देशात 2020 मध्ये झालेल्या एका चाचणीत दारू सोडल्याचाही असाच फायदा दिसला. जोरात घोरणे आणि दिवसा झोप येणे या तक्रारी असतील, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. चहा-कॉफी बहुतेकांना बाधत नाही. स्वतःला बाधते का, ते वहीवरून कळेल.

एक छोटे कार्ड रुग्णाच्या पाकिटात कायम असावे. त्यावर आजाराचे नाव, झडपेची स्थिती, गुठळीरोधक औषधाचे नाव, मात्रा व घेण्याची वेळ, शेवटचे आयएनआर किंवा क्रिएटिनिन आणि घरातल्या एका माणसाचा फोन नंबर लिहावा. आमच्याकडे हे कार्ड त्या जुलाबाच्या प्रसंगानंतर तयार झाले आणि आता कोणत्याही दवाखान्यात आई नाव सांगण्याआधी ते टेबलावर ठेवते.