रेस्ट मागवण्याआधी रायफल बघा

ठाण्यात रायफल शिकायला येणारी बहुतेक मुलं १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करतात. थोडे दिवस गेले की कुणाचे तरी बाबा विचारतातच, “सर, ते धक्का कमी करणारं स्टँड येतं ना, मागवू का?” व्हिडिओत बघितलेलं असतं. रायफल टेकवून मारायचा हा टेकू, म्हणजे रेस्ट. लोखंडी सांगाडा, मागे बट (रायफलीचा खांद्याला लागणारा भाग) अडकवायला खोबण, खाली वजनं ठेवायला ट्रे. मी उलट विचारतो, मुलाच्या हातात रायफल कोणती आहे?

स्पर्धेची एअर रायफल दाबलेल्या हवेवर चालते. ४.५ मिलिमीटरचा पेलेट, म्हणजे छोटी गोळी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, त्याचा धक्का खांद्याला कळतही नाही. .२२ च्या छोट्या काडतुसाच्या रायफलीचाही किरकोळच. तो सांगाडा मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठी आहे. ४ किलोची रायफल २० किलोच्या सांगाड्यात जखडली की मागे येण्याचा वेग साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. पण खांद्याचा मार वाचला म्हणजे तो नाहीसा झाला असं नाही, तो बटावर जातो. वजनं वाढवत गेलात तर लाकडी स्टॉक, म्हणजे रायफलीचं लाकडी अंग, तडकू शकतो. म्हणून असं रेस्ट वापरायची वेळ आलीच, तर वजन बेतानं ठेवा आणि रायफलीला थोडं मागे सरकू द्या.

स्प्रिंगची एअर रायफल मात्र जातीनंच खोडकर. स्प्रिंग सुटली की ती आधी मागे येते आणि पिस्टन पुढे आपटला की पुढे झटका देते. पेलेट तेव्हा नळीतच असतो. अशी रायफल कडक रेस्टवर टेकवली की उसळते आणि ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, फाटतो. पुढचा हात उताणा, भरलेल्या पिशवीवर ठेवा, तळव्यावर रायफल नुसती विसावू द्या, आवळू नका.

मग घ्यायचं काय? माझ्या मते दोन पिशव्या, एक पुढे, एक बटाखाली. जुन्या जीन्सचा पाय कापून शिंप्याकडून दुहेरी शिवून घेतला तरी चालतो. खरा प्रश्न आत काय भरायचं हा. वाळू जड आणि स्थिर, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरते आणि शिवणीतून गळते. जांभळी नाक्यावरून तांदूळ किंवा मूग आणून भरणारेही आहेत. दोन महिन्यांत आत पोरकिडे. मला प्लास्टिकचा दाणा सगळ्यात बरा वाटतो. वजनाला हलका, पण ओल धरत नाही. पुढची पिशवी ठासून भरा, मागची जरा सैल. मागची डाव्या मुठीत दाबली की बट वर येतो आणि नळी खाली जाते, सैल सोडली की उलट. केसभर फरक असाच साधतो.

टेकू नळीला द्यायचा नाही, पुढच्या लाकडाला द्यायचा, आणि दर वेळी त्याच जागी. नेम धरून डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. साईट (नेम धरायचं साधन) लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर मनगटानं ओढून आणू नका, पिशवी हलवा. मग पेलेट न भरता रिकामा ट्रिगर दाबून बघा, स्प्रिंगच्या रायफलीत मात्र असं करू नका. टेबल डगमगत असेल तर ते इथेच कळतं, आणि टेबल डगमगत असताना महागातलं रेस्ट आणून काही होत नाही.

हे सगळं पेलेट पारखायला, साईट जुळवायला आणि अगदी नवख्याला ट्रिगर शिकवायला. १० मीटरच्या स्पर्धेत उभ्यानंच मारायचं असतं, टेकू नाही, आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ज्यात कांस्य मिळवलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्येही (गुडघ्यावर, पडून आणि उभ्यानं) पडून आणि गुडघ्यावर असताना स्लिंग, म्हणजे हाताला अडकवायचा पट्टा, शिवाय गुडघ्यावर घोट्याखाली रोल, म्हणजे गोल उशी, एवढीच मुभा. पिशवीवर जुळवलेली साईट उभ्यानं मारताना तशीच बसेल असं धरू नका. उभ्यानं पाच-पाचचे दोन ग्रुप घ्या, दोन्ही एकाच बाजूला गेले तरच साईटचे क्लिक फिरवा.