जवळजवळच्या तांब्याच्या जोडांना डाख देताना

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांच्या घरात पाण्याच्या लाइनी बऱ्याचदा तांब्याच्या असतात. एल्बोला (पाइप वळवणारं फिटिंग) लागूनच टी (तीन तोंडांचं फिटिंग) आला, की दुसरा जोड तापवताना पहिल्याचा डाख (सोल्डर) सुटू लागतो. तांबं उष्णता झपाट्याने पुढे नेतं आणि कथिल-तांब्याचा शिसेविरहित डाख साधारण २२७ अंश सेल्सिअसलाच वितळायला लागतो.

माझं ठाम मत असं, की असे जोड एकेक करून करूच नयेत. सगळे तुकडे कापून घ्या, आतली धार काढा, टोकं आणि फिटिंगची आतली बाजू चकचकीत घासा, फ्लक्स (डाख तांब्याला नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट) लावा, सगळं जुळवा आणि एकाच दमात सगळ्यांना डाख द्या. ज्योत फिटिंगवर धरा आणि डाखाची तार ज्योतीच्या समोरच्या बाजूने टेकवा. ती ज्योतीने नव्हे, तांब्याच्या उष्णतेने वितळून आत ओढली गेली पाहिजे.

शेजारचा जोड आधीचाच असेल तर त्यावर ओलं सुती फडकं गुंडाळा. ओल आहे तोवर तो भाग शंभर अंशांच्या फार वर जात नाही. फडक्याचं पाणी मात्र नव्या जोडात उतरू देऊ नका. लाइनही पूर्ण रिकामी हवी, आत थोडं जरी पाणी राहिलं तरी जोड तापतच नाही.

एवढं करूनही जुना डाख चमकून पातळ झालाच, तर घाबरून पाइप हलवू नका. न हलता थंड झाला तर तो बहुधा पुन्हा नीट धरतो. पिण्याच्या पाण्याला शिशाचा डाख कधीही नको.