फुटबॉल फायनलचे फोटो कसे काढावेत: सोलापूरच्या मैदानावर उतरणाऱ्या फोटोग्राफरसाठी

फायनलचे हजारभर फोटो काढले तरी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्यांदा नजर जाते ती एकाच फोटोवर. त्या एका फोटोतून दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: कोण जिंकलं आणि कोणाच्या हातून गेलं. नुसता करंडक उंचावलेला फोटो कुठल्याही स्पर्धेचा असू शकतो. १९९४च्या वर्ल्ड कपची फायनल आठवा. पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये ब्राझील पेनल्टीवर ३-२ जिंकलं. पण आजही डोळ्यांसमोर येतो तो बारवरून चेंडू मारून मान खाली घालून उभा राहिलेला इटलीचा रॉबेर्तो बॅजिओ. पार्क मैदान असो, नेहरूनगरचं शासकीय मैदान असो की एखाद्या कॉलेजचं, शोधायचं तेच आहे. खाली सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या एका फोटोसाठी आहे.

आदल्या दिवशी मैदान पाहून या

शक्यतो सामन्याच्याच वेळेला जा. चारचा सामना असेल तर चारला. गोलपोस्ट कुठल्या दिशेला आहेत आणि ऊन कुठून येतंय ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा हिवाळ्यात होतात आणि तेव्हा सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीला सोलापुरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे सेकंड हाफ संपता संपता उजेड पळायला लागतो. ऊन तुमच्या पाठीमागून किंवा खांद्यावरून यावं, म्हणजे खेळाडूंच्या चेहऱ्यावर प्रकाश राहतो.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमी, आणि माझ्या मते स्थानिक मैदानावर निम्मे फोटो तिच्यामुळेच वाया जातात. मोठ्या स्टेडियममध्ये खेळाडूच्या मागे भरलेली गॅलरी असते. इथे मागे पाण्याचा टँकर, ओळीने लावलेल्या मोटारसायकली, मंडपाचे बांबू आणि शुभेच्छांचे फ्लेक्स. फ्लेक्सवरचे मोठमोठे चेहरे खेळाडूच्या डोक्यामागे आले की नजर खेळाडूवर ठरतच नाही. म्हणून मैदानाला एक चक्कर मारा, प्रत्येक कोपऱ्यात खाली बसून कॅमेऱ्यातून पलीकडे बघा आणि मागे झाडं किंवा प्रेक्षक येतील अशा दोन जागा मनात पक्क्या करा. उन्हाची जागा आणि स्वच्छ पार्श्वभूमीची जागा वेगवेगळी निघाली, तर मी पार्श्वभूमी निवडतो. सावलीतला चेहरा थोडाफार उजळता येतो, मागचा टँकर बातमीच्या फोटोतून काढता येत नाही आणि काढूही नये.

आयोजकांची परवानगी घ्या आणि सामन्याआधी रेफ्रींना जाऊन भेटा. कुठे बसलेलं चालेल ते त्यांनाच विचारा. खेळाडूंच्या जर्सीच्या रंगाचे कपडे घालू नका. मैदानाच्या कडेला त्याच रंगाचा माणूस दिसला की लाइन्समनची आणि खेळाडूंची गल्लत होते.

पिशवीत काय हवं

दोन कॅमेरा बॉडी. एकीवर लांबची लेन्स, दुसरीवर ७०-२०० किंवा २४-७० एमएमची. मैदानावर लेन्स बदलायची नाही हा नियमच समजा. काळ्या मातीची आणि मुरमाची बारीक धूळ सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात ठिपके दिसतात. ३०० किंवा ४०० एमएम एफ २.८ ही भरपूर उजेड आत घेणारी लेन्स लाखांच्या घरात जाते, ती भाड्याने मिळाली तर उत्तम. नसेल तर १५०-६०० झूमवर दुपारचा सामना छान निघतो. संध्याकाळी मात्र तिचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं तोंड, कमी पडतं. तेव्हा ७०-२०० एफ २.८ हातात घ्यायची आणि लांबचा खेळ सोडून द्यायचा.

मोनोपॉड (लेन्सला आधार देणारा एकपायी स्टँड), जादा बॅटऱ्या, दोन-दोन कार्डं, ब्लोअर (हवा मारून धूळ उडवणारा रबरी फुगा), बसायला जाड सतरंजीचा तुकडा. आणि एक पांढरा सोलापुरी टॉवेल. काळी बॉडी आणि लेन्स उन्हात तासभर राहिली की हात लावता येत नाही इतकी तापते. दोन चढायांच्या मधल्या वेळेत टॉवेल तिच्यावर टाकून ठेवला की ती बरीच शांत राहते. टेरी टॉवेल घाम टिपतो तसा बॉडीवरची धूळही उचलतो. लेन्सच्या काचेला मात्र तो लावायचा नाही, तिथे ब्लोअर आणि मऊ कापडच.

सेटिंग आधी लावून ठेवा

शटर स्पीड १/१००० सेकंदापेक्षा संथ नको, उजेड असेल तर १/१६०० किंवा १/२०००. अॅपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून त्याला वरची मर्यादा घालून द्या. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर हवा. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो किंवा नुसतं सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीत एएफ-सी. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. सुरुवातीला अंगठा अडखळतो, पण मध्येच रेफ्री आडवा आला तर अंगठा उचलून फोकस तिथेच रोखता येतो, ही सोय मोठी आहे.

पांढऱ्या जर्सीचा संघ भर उन्हात असेल तर एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर छातीवरचा नंबर पुसला जातो. पाच ते सहा या तासात आयएसओ ४०० वरून ६४०० पर्यंत चढू शकतो. चढू द्या. दाणे आलेला फोटो छापता येतो, हललेला येत नाही.

फ्लडलाइटखालच्या सामन्यात वेगळीच पंचाईत होते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण १/१००० शटरला त्या चढउताराचा छोटासा तुकडाच मिळतो, म्हणून एकाच बर्स्टमधला, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंतला, एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसरा पिवळट निघतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करा. वॉर्मअपच्या वेळी दहा-पंधरा फोटोंचा बर्स्ट मारून पाहिलात तर दिवे कसे आहेत ते लगेच कळतं. मूक इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात टाळा. फोटोत आडवे पट्टे येतात.

कुठे बसायचं

गोललाइनच्या मागे, कॉर्नर फ्लॅग आणि पेनल्टी एरियाच्या रेषेच्या मध्ये. ६८ मीटर रुंदीच्या मैदानावर ही जागा सुमारे १४ मीटरची असते. इथून चढाई करणारा खेळाडू समोरून तुमच्याकडे धावत येतो, त्याचा चेहरा दिसतो, चेंडूही दिसतो. अगदी गोलपोस्टला खेटून बसलात तर जाळी आणि खांब आड येतात. आणि बसायचंच, उभं राहायचं नाही. कॅमेरा खेळाडूच्या कमरेच्या उंचीवर आला की हेडरला उडालेला माणूस आकाशात गेलेला दिसतो आणि मागचे टँकर-गाड्या खाली राहतात.

पहिल्या हाफला कुठल्या टोकाला बसायचं? ज्या संघाची चढाई जोरात आहे तो ज्या गोलकडे खेळतोय तिथे. पण फायनलमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. दोन्ही संघांची बाकं कुठे आहेत आणि कुणाचे समर्थक कुठल्या बाजूला बसलेत? गोल मारणारा बहुतेक वेळा यांपैकी एकीकडे धावतो. तो तुमच्याकडे धावत आला तर काम झालं. पाठ फिरवून गेला तर फक्त नंबर मिळतो.

एप्रिल-मे मध्ये सामना असेल तर पलीकडच्या गोलचे फोटो काढण्याचा मोह सोडा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते. ९०-१०० मीटरवरून काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, पाण्यातून पाहिल्यासारखा मऊच येतो. त्यावर कॅमेऱ्यात उपाय नाही. अंतर कमी करणं हाच उपाय.

खेळ चालू असताना

चेंडूच्या मागे नाही, चेंडू जिथे पोचणार आहे तिथल्या माणसावर लेन्स ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा, एक व्ह्यूफाइंडरमध्ये आणि दुसरा मैदानावर. कानांचाही उपयोग होतो. मागून “मार की बे!” असा गलका उठला की फ्रेमबाहेर काहीतरी घडतंय हे समजून जावं.

पहिल्या दहा मिनिटांतच दोन्ही संघांचा एकेक बरा झुंजीचा फोटो मिळवून ठेवा: दोन चेहरे, मध्ये चेंडू. तो हाती असला की पुढे निवांतपणे वाट बघता येते.

गोल झाला की पुढची वीस सेकंदं सगळ्यात महत्त्वाची. शटरवरचं बोट काढायचं नाही आणि पाठीमागच्या स्क्रीनकडे अजिबात बघायचं नाही. आधी गोल मारणारा, तो मिठ्यांत हरवला की लेन्स सरळ गोलकीपरकडे. जमिनीवर बसलेला, जाळीतून चेंडू काढणारा, आपल्या डिफेंडरवर ओरडणारा गोलकीपर. त्याच्या मागे जल्लोष करणारे विरोधी खेळाडू धूसर दिसत असतील तर हार-जीत एकाच चौकटीत आली. खूप फोटोग्राफर नेमके याच क्षणी स्क्रीनवर गोल मिळाला का ते तपासत असतात.

हाफटाइम नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ मिनिटांचा, शालेय सामन्यांत त्याहून कमी. त्या वेळात तीन फोटो निवडून मोबाइलवरून पेपरच्या डेस्कला पाठवा. बाकीची निवड नंतर.

पेनल्टी शूटआउट

कुठल्या गोलवर पेनल्टी होणार हे रेफ्री नाणेफेक करून ठरवतात. त्यामुळे एक्स्ट्रा टाइम संपत आला की सामान आवरून तयार राहा. टोक बदललं तर शंभर मीटर पळावं लागतं. पेनल्टीचा ठिपका गोललाइनपासून ११ मीटरवर असतो. बाकीचे खेळाडू मध्यावरच्या वर्तुळात खांद्यावर हात टाकून उभे असतात, आणि किक मारणाऱ्या संघाचा गोलकीपर गोललाइन आणि पेनल्टी एरियाची रेषा मिळते त्या कोपऱ्याशी. हे तीन बिंदू डोक्यात ठेवा.

सुरुवातीच्या किका गोलच्या बाजूने काढा. निर्णायक किक आली की लांबची लेन्स किक मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवा, गळ्यात लहान लेन्सची बॉडी तयार असू द्या. चेंडू आत गेला तर मध्यावरून सगळा संघ त्याच्याकडे किंवा आपल्या गोलकीपरकडे धावत सुटतो. चेंडू चुकला तर तो तिथेच थांबतो आणि विरोधी संघ त्याच्या शेजारून पळत जातो. अशा वेळी जल्लोषाच्या मागे धावू नका. चार-पाच सेकंद जागेवरच थांबा. तो फोटो परत मिळत नाही, एकमेकांवर पडलेल्या खेळाडूंचा जल्लोष मात्र पुढची दहा मिनिटं चालणार असतो.

शिट्टीनंतर

आता मैदानात शिरायला हरकत नसते, पण आयोजकांना आधी विचारलेलं बरं. २४-७० हातात घ्या, जवळ जा. आपल्याकडे बक्षीस समारंभात मंचावर इतकी माणसं येतात की कॅप्टन मागे जातो. करंडक खेळाडूंच्या हातात पडून ते मंचावरून खाली उतरेपर्यंत थांबा आणि त्यांना मैदानावर, स्वतःच्या माणसांत टिपा. अंधार झाला असेल तर फ्लॅश इथे वापरा. खेळ चालू असताना खेळाडूच्या तोंडावर फ्लॅश कधीच नको.

हरलेल्या संघाचे फोटो काढावेतच, पण माणुसकीने. शाळकरी मुलगा रडत असेल तर लांबूनच एक-दोन फ्रेम घ्या, छापण्याआधी त्यांच्या कोचशी बोला. नाव देणं टाळता आलं तर टाळा. हरलेल्या मुलाचा फोटो दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गात फिरणार असतो, हे आपल्या मनात असलं पाहिजे.

कॅप्शन आणि पाठवणी

या टप्प्यावर चांगले फोटोग्राफरही दमून घाई करतात. सोलापूरच्या एका संघात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एकत्र खेळतात. आडनाव ऐकून लिहिलं तर हमखास चुकतं. गड्डमचं गडम होतं, बोल्लीचं बोली होतं. सामन्याआधीच टीमशीटचा, म्हणजे खेळाडूंच्या यादीचा, मोबाइलवर फोटो काढा आणि शंका वाटेल ते नाव खुद्द खेळाडूकडून वहीत लिहून घ्या. शेजारी जर्सी नंबर. फोटो निवडताना नंबरवरून नाव लगेच जुळतं.

कॅप्शनमध्ये कोण, कुणाविरुद्ध, कुठे, कधी आणि त्या क्षणी काय घडत होतं एवढं असावं. “अटीतटीच्या लढतीत” वगैरे लिहायची गरज नाही, ते फोटोतून दिसतंच. क्रॉप करा, उजेड सावरा, रंग नीट करा. फ्रेममधून काही काढू नका, काही घालू नका. मोबाइलमधली वस्तू पुसून टाकणारी सोय बातमीच्या फोटोला लावायची नाही. डेस्कला सहा-सात फोटो पुरेत: झुंजीचा एक, गोलचा एक, हार-जीत एकत्र असलेला एक, कोच किंवा प्रेक्षकांचा एक, करंडकाचे दोन आडवे-उभे. तुमच्या मते पहिल्या पानाचा कुठला ते स्पष्ट कळवा. घरी पोचल्यावर दोन ठिकाणी कॉपी केल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. आठवड्याभरात दोन्ही संघांच्या कोचना त्यांच्या खेळाडूंचे चांगले फोटो पाठवून द्या. जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांकडे स्वतःचा खेळतानाचा धड एकही फोटो नसतो.